लाय आणि ले : ‘पडणे’ आणि ‘घालणे’ यांच्या वाटेने

प्रश्न असा आलाय: “परीक्षेत मी ‘ही वॉज लेइंग ऑन द बेड’ असं लिहिलं आणि गुण गेले. तपासणाऱ्याने ‘लेइंग’ खोडून वर ‘लाइंग’ लिहिलं. पण इंग्रजी मातृभाषा असलेली माणसं मुलाखतींत, गप्पांत सर्रास ‘लेइंग’ म्हणताना मी ऐकतो. शिवाय कोशात बघितलं, तर ‘लाय’चा भूतकाळच ‘ले’ असा दिलाय. मग माझं चुकलं कुठे? आणि हे दोन शब्द डोक्यात कायमचे वेगळे कसे ठेवायचे? सोबत माझी तीन वाक्यं देतोय, तीही तपासून द्या.”

तुमचं वाक्य चुकलं होतं. तपासणाऱ्याने अन्याय केलेला नाही. आणि तुम्ही कानाने जे ऐकलंत तेही खरं आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते सांगतो. मी गेली 22 वर्षं मराठीतून शिकलेल्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतोय आणि जोडीला भाषांतरं तपासायचं काम करतोय. या जोडीवर जितके तास घालवले तितके दुसऱ्या कुठल्याच जोडीवर घालवले नाहीत.

आधी खरी अडचण कुठे आहे ते बघू. अर्थ कळत नाही असं कुणाचंच होत नाही. लाय म्हणजे आडवं असणं किंवा आडवं होणं, ले म्हणजे काहीतरी ठेवणं, आडवं करणं. हे दोन मिनिटांत समजतं आणि तरीही माणूस लिहिताना चुकतो. त्याची कारणं दोन. एक, इंग्रजीत या दोघांची रूपं एकमेकांत अडकलेली आहेत. दुसरं, आपण मराठीतून विचार करतो तेव्हा आपले शब्द वेगळ्याच ठिकाणी दुभंगतात. पुस्तकं पहिल्या कारणावर पानंच्या पानं लिहितात आणि दुसऱ्याबद्दल बोलतच नाहीत. माझ्या मते आपल्यासाठी दुसरं कारण मोठं आहे.

पहिलं पटकन उरकतो. एल-आय-ई हे क्रियापद: लाय, भूतकाळ ले, तिसरं रूप लेन, चालू रूप लाइंग. एल-ए-वाय हे क्रियापद: ले, भूतकाळ लेड, तिसरं रूपही लेड, चालू रूप लेइंग. म्हणजे एकाचा भूतकाळ आणि दुसऱ्याचं मूळ रूप अक्षराने एक, उच्चाराने एक. तुम्हाला कोशात जे दिसलं ते हेच. पण लक्षात घ्या, ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’ असला म्हणून ‘लाय’चं चालू रूप ‘लेइंग’ होत नाही. ‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ आहे म्हणून आपण ‘वेंटिंग’ म्हणत नाही, तसंच. तुमचं वाक्य नेमकं इथे घसरलं. भर म्हणून एक तिसरं क्रियापदही आहे: खोटं बोलणे या अर्थाचं लाय. त्याचं मूळ वेगळं आणि रूपं सरळ: लाइड, लाइड. कुणी ‘ही लाइड ऑन द सोफा’ लिहिलं, तर त्याचा अर्थ तो सोफ्यावर बसून खोटं बोलला असा होतो.

आता मराठीकडे येऊ.

काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयाचं माहितीपत्रक माझ्याकडे तपासायला आलं होतं. मूळ मराठीत सूचना होती: “टेबलावर उताणे झोपा. हलू नका.” भाषांतर करणाऱ्याने लिहिलं होतं, ‘स्लीप ऑन युवर बॅक ऑन द टेबल. डू नॉट मूव्ह.’ वाचणाऱ्याला वाटेल, तपासणीच्या टेबलावर झोप काढायची आहे. तिथे हवं होतं ‘लाय ऑन युवर बॅक’. ते लिहिणाऱ्याचं इंग्रजी वाईट नव्हतं, बाकी पत्रक चांगलं उतरलं होतं. घोटाळा आपल्या ‘झोपणे’ या शब्दाने केला. मराठीत झोपणे म्हणजे झोप लागणेही आणि अंथरुणावर आडवं होणेही. “तू झोप, मी आलोच” म्हणताना आपण डोळे मिटायला सांगतोय की नुसतं आडवं व्हायला, हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. इंग्रजीत ते सांगावंच लागतं. म्हणून पहिली सवय अशी लावा: मनात ‘झोपणे’ आलं की स्वतःला विचारा, इथे डोळे मिटलेत का? मिटले असतील तर स्लीप. नुसती पाठ टेकली असेल तर लाय.

दुसरा घोटाळा ‘पडणे’ करतं. “पुस्तक टेबलावर पडलंय.” याचं इंग्रजी विचारलं की वर्गातले निम्मे तरी ‘फॉलन’ म्हणतात. पण ते पुस्तक कुठूनही खाली आलेलं नाही. ते तिथे आहे, आडवं, बहुधा कुणाचं लक्ष नसताना. ‘द बुक इज लाइंग ऑन द टेबल.’ मराठी इथे पूर्ण झालेल्या क्रियेचं रूप वापरते आणि अर्थ मात्र आत्ताच्या स्थितीचा घेते. बसलाय, निजलाय, पडलाय, टेकलाय, सगळी रूपं तशीच. “तो खुर्चीवर बसलाय” म्हणजे ‘ही इज सिटिंग’. “तो पलंगावर पडलाय” म्हणजे ‘ही इज लाइंग’. इंग्रजीत स्थिती सांगायला चालू रूप लागतं आणि आपल्या कानाला ते विचित्र वाटतं, कारण पडून राहणाऱ्या माणसाचं काही ‘चालू’ आहे असं आपल्याला वाटतच नाही. पण इंग्रजीचा रिवाज तसा आहे. ‘पडून असणे’, ‘पडून राहणे’ असं मराठीत वाक्य फिरवून बघा. ते बसलं, तर लाय.

आता ‘ले’. कोश म्हणतो ठेवणे आणि मराठी विद्यार्थी तेच पाठ करतो. मला हे भाषांतर आवडत नाही, कारण त्याने फायद्यापेक्षा नुकसान जास्त होतं. पुस्तक ठेवलं, पेला ठेवला, किल्ली ठेवली, यासाठी रोजच्या इंग्रजीत ‘पुट’ असतं. ‘ले’ त्या मानाने कमी जागी येतो, आणि जिथे येतो तिथे मराठीत कितीदा एकच शब्द सापडतो ते बघा. कोंबडी अंडी घालते: ले एग्ज. आपण पाया घालतो: ले द फाउंडेशन. शत्रू वेढा घालतो: ले सीज. कारागीर फरशी घालतो: ले टाइल्स. जमिनीवर सतरंजी घालतो: तिथेही ले. एखाद्या गोष्टीला हात घालतो: ले हँड्स ऑन. पहिल्यांदा ही यादी फळ्यावर लिहिली तेव्हा वर्गातल्या एका बाई उत्स्फूर्तपणे म्हणाल्या, “अहो सर, मग ले म्हणजे घालणे असंच सांगा की!” तेव्हापासून मी तसंच सांगतो.

अर्थात घालणे आणि ले पूर्णपणे एकमेकांवर बसत नाहीत. कपडे घालणे, झाडाला पाणी घालणे, तिथे ले चालणार नाही. आणि विटांसाठी आपण रचणे म्हणतो, टेबलासाठी मांडणे, दोषासाठी टाकणे, केबलसाठी टाकणे किंवा अंथरणे, शस्त्रांसाठी खाली ठेवणे. या सगळ्यांना इंग्रजीत ले चालतो. पण सगळ्यांमागे चित्र एकच आहे: कुणीतरी, काहीतरी, नीट विचाराने, सपाट पसरून किंवा आडवं बसवतंय. लेआउट आणि लेयर हे शब्द आता मराठीतही रुळले आहेत. दोन्ही याच ‘ले’ घराण्यातले. लेआउट आपोआप होत नाही, तो कुणीतरी आखतं. लेयर कुणीतरी चढवलेला असतो. उलट ‘अंडरलाइंग’ कारण म्हणजे खाली मुळाशी असलेलं कारण. ते तिथे कुणी ठेवलेलं नसतं, ते असतंच, म्हणून तिथे लाय.

एक कसोटी मी स्वतः वापरतो आणि ती शुद्ध मराठी आहे. वाक्य मराठीत भूतकाळात आणा, कर्ता ‘तो’ किंवा ‘ती’ घ्या आणि बघा की कर्त्याला ‘ने’ लागतो का. “त्याने विटा रचल्या.” ने लागला, म्हणजे क्रिया दुसऱ्या कशावर तरी झाली, म्हणजे ले, आणि भूतकाळात लेड. “तो आडवा झाला.” ने नाही, म्हणजे लाय, आणि भूतकाळात ले. ‘मी’ आणि ‘तू’ वापरून ही कसोटी करू नका, कारण त्यांना ‘ने’ दिसत नाही. हा ‘ने’ इंग्रजी माणसाच्या भाषेत नाही. त्याला कर्म शोधत बसावं लागतं, आपल्याला ते आपल्या व्याकरणाने आयतं दिलंय.

कसोटी दोन ठिकाणी दगा देते, तेही सांगतो. कोंबडीच्या बाबतीत इंग्रजीत ‘द हेन इज लेइंग’ असं नुसतं म्हणतात. अंडी हा शब्द गाळलेला असतो, पण मनात धरलेला असतो, म्हणून ते बरोबर. दुसरं ठिकाण जास्त मजेशीर आहे. मराठीत आपण म्हणतो, “त्याने पलंगावर अंग टाकलं.” इथे ‘ने’ आला, ‘अंग’ हे कर्मही आलं. तरी इंग्रजीत हे ‘ही ले डाऊन ऑन द बेड’, म्हणजे लायचाच भूतकाळ.

हे ‘अंग टाकणे’ मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण तुम्ही कानाने जे ऐकलंत त्याचं उत्तर त्याच्या जवळ आहे. इंग्रजी माणसं लेइंग का म्हणतात? जुन्या इंग्रजीत ‘स्वतःला आडवं केलं’ अशी रचना रूढ होती, आपल्या ‘अंग टाकलं’सारखीच. त्यात ‘ले’ हे क्रियापद आणि ‘स्वतःला’ हे कर्म असे दोन्ही असायचे. त्यातलं ‘स्वतःला’ गळालं की उरतो नुसता ‘ले’, आणि तो लायच्या जागी जाऊन बसतो. त्यात लायचा भूतकाळ आधीपासून ‘ले’च. शिवाय ‘लेड डाऊन’ पटकन म्हटलं की ‘लेड’मधला ड पुढच्या ‘डाऊन’मध्ये मिसळतो आणि ऐकणाऱ्याला ‘ले डाऊन’ आणि ‘लेड डाऊन’ यांत फरकच कळत नाही. एवढ्या बाजूंनी धक्के बसल्यावर भिंत टिकली असती तरच नवल. लायच्या जागी ले ही आजकालच्या पिढीची बिघडलेली सवय नाही, ती कैक शतकं जुनी आहे. तिच्यावर व्याकरणकारांनी बोट ठेवायला सुरुवात केली ती बरीच नंतर, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. लॉर्ड बायरनसारख्या कवीनेही 1818 साली छापलेल्या दीर्घकवितेत ‘बे’ या शब्दाशी यमक जुळवताना लायच्या जागी ले वापरला आहे.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो: समोरचा इंग्रजी माणूस बोलताना ‘लेइंग’ म्हणाला तर त्याला दुरुस्त करू नका. ती त्याची बोली आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. पण तुम्ही लिहाल तेव्हा लाय-ले पाळा. परीक्षा, अर्ज, अहवाल, रुग्णाला दिलेल्या सूचना, इथे वाचणारा प्रमाण रूपाची अपेक्षा धरतो आणि तुम्ही ते पाळलं नाहीत तर तुमच्या मजकुराऐवजी त्याचं लक्ष त्या शब्दाकडे जातं. बोलताना काय करायचं, ते कुठे आणि कुणाशी बोलताय यावर ठरतं. मी स्वतः बोलतानाही पाळतो, कारण दोन सवयी बाळगण्यापेक्षा एक बाळगणं सोपं जातं.

आता हे दोन शब्द मुळात इतके सारखे का, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. शिकवायला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी मला हे उमगलं आणि त्यानंतर ही जोडी मला कधीच रुक्ष वाटली नाही.

पडणे आणि पाडणे. मरणे आणि मारणे. गळणे आणि गाळणे. तुटणे आणि तोडणे. आपल्याकडे क्रियापदातला स्वर बदलला की आपोआप होणारी गोष्ट कुणीतरी केलेली होते. लाय आणि ले ही इंग्रजीतली अशीच जोडी आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत यांची रूपं ‘लिज्जन’ आणि ‘लेज्जन’ अशी होती: पहिलं आडवं असणं, दुसरं आडवं करणं. अशा जोड्या त्या भाषेत पुष्कळ होत्या. आज थोड्याच उरल्यात. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. फॉल म्हणजे पडणे आणि फेल म्हणजे पाडणे. ‘फेल अ ट्री’ म्हणजे झाड पाडणे. राइझ आणि रेझ म्हणजे उठणे-उठवणे, वर जाणे-वर नेणे. जर्मन शिकणाऱ्यांना लीगेन आणि लेगेन ही जोडी ओळखीची असेल. तिथे ती अजून ठणठणीत आहे.

आणि हा नुसता योगायोग नाही. संस्कृतात सीदति म्हणजे बसतो आणि सादयति म्हणजे बसवतो. हे आणि इंग्रजी सिट-सेट एकाच धातूचे, आणि दोन्हीकडे ‘करायला लावणे’ हा अर्थ आणायची रीतही इंडो-युरोपीय मूळ भाषेतून, म्हणजे संस्कृत आणि इंग्रजी या दोघींच्या पूर्वज भाषेतून आलेली. पतति-पातयति त्याच रीतीने घडलं आणि त्याचंच मराठीत पडणे-पाडणे झालं. फरक एवढाच की आपली रीत जिवंत आहे. कुठल्याही नव्या क्रियापदाला आपण ‘व’ लावून मोकळे होतो: बसवणे, निजवणे, हसवणे. इंग्रजीत ती कधीच आटली आणि मागे हे चार-दोन दगड उरले. ज्याची रीत मेली त्याला जोडीतला फरक जाणवेनासा होतो. आपल्याला तो जाणवायला हवा, कारण आपण दिवसभर तोच फरक करत असतो. कुणीही मराठी माणूस “मी पेला पडला” म्हणत नाही.

या इतिहासाचा एक व्यवहारी उपयोगही आहे. अशा जोडीतल्या ‘करवणाऱ्या’ क्रियापदाचा भूतकाळ सहसा ‘ड’ लावून होतो: लेड, रेझ्ड, फेल्ड (सेट तेवढा अपवाद, तो भूतकाळातही सेटच). आणि ‘आपोआप’वाल्याचा भूतकाळ आतला स्वर बदलून होतो: लायचा ले, राइझचा रोझ, फॉलचा फेल. बघा, इथेही फॉलचा भूतकाळ आणि झाड पाडणारा ‘फेल’ दिसायला एकच झाले, हुबेहूब ले-लेसारखे. तर ‘ड’ दिसला की मागे कुणाचा तरी हात आहे असं समजा. फक्त लेडचं स्पेलिंग सांभाळा: एल-ए-आय-डी. वायला ईडी जोडून लिहिलेलं रूप प्रमाण लेखनात चालत नाही.

‘लेन’बद्दल एक सल्ला. ते रूप बरोबर आहे, पण रोजच्या लिहिण्यात मी ते क्वचितच वापरतो. “ते पत्र आठवडाभर इथे पडून आहे” याला ‘हॅज लेन’ म्हणता येतं, पण ‘हॅज बीन लाइंग’ जास्त सहज वाटतं आणि चुकायची भीतीही नाही. आणि वस्तू नुसती ठेवायची असेल, ऐनवेळी काही सुचत नसेल, तर बेधडक ‘पुट’ लिहा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, इंग्रजी माणूसही बहुतेक वेळा तेच लिहितो.

जिथे आडवं पडण्याचं चित्रच नाही तिथेही लाय येतो, हे एका वाक्यात: “खरी मेख इथेच आहे” याला ‘द प्रॉब्लेम लाइज हिअर’, आणि गाव उत्तरेला वसलंय असं सांगायलाही ‘लाइज’. ‘प्रदेशाची एकंदर ठेवण’ या अर्थाच्या वाक्प्रचारात मात्र ब्रिटिश ‘लाय ऑफ द लँड’ म्हणतात आणि अमेरिकन ‘ले ऑफ द लँड’. दोन्ही बरोबर, त्यावरून वाद घालू नका.

आता तुमची तीन वाक्यं.

पहिलं, ‘आय लेड डाऊन फॉर ॲन आवर’. तुम्हाला म्हणायचंय, मी तासभर आडवा झालो. इथे ‘मी’ असल्यामुळे ने दिसत नाही, म्हणून ‘तो’ घालून बघा: तो तासभर आडवा झाला. ने नाही. म्हणजे लाय, भूतकाळ ले: ‘आय ले डाऊन फॉर ॲन आवर’. कानाला चुकल्यासारखं वाटेल, कारण हे रूप बरोबर वापरणारे कमी भेटतात. दहा वेळा मोठ्याने म्हणा.

दुसरं, ‘द फाइल्स आर लेइंग ऑन युवर डेस्क’. फायली काही घालत नाहीत, त्या पडून आहेत. ‘आर लाइंग’.

तिसरं, ‘शी लेड द बेबी इन द क्रेडल’. तुम्ही यावर प्रश्नचिन्ह घातलंय, पण हे अगदी बरोबर आहे. तिने बाळाला पाळण्यात निजवलं: ‘ने’ आहे, बाळ आहे, शेवटी ड आहे. पुढचं वाक्य “पण बाळ डोळे टक्क उघडे ठेवून पडून राहिलं” असं लिहायचं असेल, तर ड काढा: ‘बट द बेबी ले अवेक’.